तवंदी घाट, तिसरा गिअर आणि दोन पाट्या

लोक लेहला जातात, लडाखला जातात आणि परत आले की तळ्याचे फोटो टाकतात. मी निपाणीला जाऊन आलो. बेळगावपास्नं दीड तास. पण ज्यानं हा दीड तास आईबाप आणि मामासकट, तापलेल्या टर्बोच्या गाडीतनं काढलाय, त्यानं लेहवाल्यांचं कौतुक ऐकून घ्यायचं काय कारण न्हाय. कालच परत आलोय आणि आजच लिहायला बसलोय. उद्या लिहिलं तर आमचे वडील, आप्पा, म्हणतील असं झालंच नव्हतं.

शुक्रवार, बेळगाव, खासबाग

आधी गाडी सांगतो. जुनी, दुसऱ्याच्या हातची, टर्बो डिझेल. घरात आली ती माझ्या हट्टानं. गाडी चांगली हाय, फक्त तवंदी घाटात दम टाकते.

जे कधी गेले न्हाईत त्यांच्यासाठी: बेळगाव उंचावर, निपाणी खाली. जाताना उतार, त्यामुळं कुठलीबी गाडी रुबाबात जाते. येताना निपाणी सोडली की तवंदीचा चढ. म्हणून जाताना मी बोलतो आणि येताना आप्पा बोलतात. घाट लागला की त्यांचा हुकूम येतो, एसी बंद कर. एसी बंद, काचा खाली, म्होरच्या ट्रकचा धूर आत, आणि आईला मळमळ सुरू. ती ओला टॉवेल तोंडाला लावून डोळे मिटून बसते आणि नंतर दोन दिवस माहेरचं नाव काढत न्हाय. निपाणी तिचं माहेर हाय, हे सांगायचं राहिलं.

गेल्या महिन्यात आप्पांनी ठरवलं की गाडी विकायची. गिऱ्हाईक घरातलंच, निपाणीचा मामा. मामा तंबाखूचा व्यापारी, गावोगाव शेतकऱ्यांकडं माल बघत फिरतो. त्याची फिरती सगळी सपाटीवरची, त्यामुळं घाटाचं दुखणं त्याला न्हाय. मी दोन दिवस जेवलो न्हाय. म्हणजे घरात जेवलो न्हाय.

आप्पा तहसील ऑफिसातनं रिटायर झालेत. तिथं चौतीस वर्षं काढल्यावर माणूस सरळ हो किंवा न्हाय म्हणत न्हाय, अट घालतो.

"शनिवारी निपाणीला जायचं," आप्पा म्हणले. "येताना सगळी माणसं आत, एसी चालू, तिसरा गिअर. घाट असा चढली तर गाडी राहील. दुसरा टाकावा लागला की तिथनंच फिरवायची, मामाच्या दारात लावायची आणि आपण यष्टीनं परत यायचं."

"आणि ट्रक आडवा आला तर?"

"मग हॉर्न वाजव. गिअर तिसराच."

मी कबूल केलं, कारण मी तीन आठवडे व्हिडिओ बघत होतो आणि मला रोग सापडला होता. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. कोंबली की हवा तापते, तापली की पातळ होते, आणि पातळ हवेवर इंजिनाला जोर येत न्हाय. म्हणून मधी इंटरकूलर असतो. रेडिएटरसारखीच जाळीची पेटी, आमच्या गाडीत ती बंपरच्या मागं, खाली बसवलीय. बाहेरचं वारं तिच्यातनं गेलं की टर्बोची हवा गार होऊन आत जाते. वारं कमी पडलं की सगळं वांदं. स्टेअरिंगच्या खाली एक छोटं यंत्र खोचलं की आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर दिसतं. आमचं घाटात ऐंशीच्या वर जात होतं. माणसाला एवढा ताप आला तर माणूस राहत न्हाय, ही गाडी तरी कशी चढणार.

म्हणून मी वारं वाढवलं. बॉनेटवर बसवायचं एक काळं नाक आधीच मागवून ठेवलतं, रेसच्या गाड्यांना असतं तसलं. डबल टेपनं चिकटवलं. म्होरच्या जाळीला आतनं डासांची जाळी लावली, म्हणजे किडे इंटरकूलरमधी जाऊन अडकणार न्हाईत. गल्ली बघायला आलती. शेजारच्या काकू म्हणल्या, "गाडीला ताप आलाय काय रं, डोक्यावर काय ठेवलंस?" मी म्हणलं, "काकू, ह्यातनं वारं जातंय." त्यांनी नाकाजवळ हात धरून बघितला आणि तशाच घरात गेल्या. तवाच मला कळायला पाहिजे होतं.

गाडीच्या तोंडावर आप्पांचंबी काम हाय. बंपरच्या जाळीवर दोन पत्र्याच्या पाट्या, एकाखाली एक. दोन्हीवर एकच मजकूर, श्री महालक्ष्मी प्रसन्न. एक मराठीत, एक कन्नडात. आमच्या भागात सीमेच्या वादावरनं वर्षातनं एकदोनदा वातावरण तापतं, तवा गाडी कुठल्या भाषेची हाय हे बघून लोक काच फोडायची का न्हाय ते ठरवतात. आप्पांच्या एका दोस्ताची काच एकदा हिकडं फुटली आणि तीच नवी घातलेली एकदा तिकडं. तवापास्नं आप्पांचं धोरण ठरलं. वर कुठली आणि खाली कुठली, ह्यावरनंबी कुणी बोलायला नको म्हणून ते दर महिन्याच्या एक तारखेला पाना घेऊन बसतात. वरची खाली करतात, खालची वर. तहसीलमधी एवढं न्याय्य काम कधी झालं नसंल.

शनिवार, काकती ते निपाणी

सकाळी निघालो. आप्पा म्होरं, आई मागं, मांडीवर मामासाठी बेळगावच्या मिठाईचा, कुंद्याचा डबा. वंटमुरीचा घाट उताराचा, गाडी लोण्यासारखी. मी म्हणलं, "बघा आप्पा, वाऱ्याचा फरक." आप्पा म्हणले, "उतारावर धोंडाबी पळतोय."

संकेश्वरला चहाला थांबलो. मिरचीचा वास हवेतच हाय तिथं, कोण दुकान उघडायची गरज न्हाय. चहावाला गाडीभोवती एक चक्कर मारून आला. आधी मराठी पाटी वाचली, मग कन्नड, मग माझं काळं नाक बघितलं आणि विचारलं, "इलेक्शनची गाडी काय?"

निपाणीत शिरलं की पहिल्यांदा शिंक येते. तंबाखूच्या वखारी सगळीकडं, गावातली माणसं शिंकत न्हाईत, पाव्हणे शिंकतात. पत्ता सांगायची पद्धतबी येगळी. आमच्या बेळगावात पहिलं गेट, दुसरं गेट, अमका क्रॉस असं सांगतात. निपाणीत वखारीवरनं सांगतात, पांढऱ्या वखारीच्या म्होरं, पडक्या वखारीच्या मागं. पांढरी वखार पाच वर्षांमागं निळी झालीय पण पत्त्यात ती पांढरीच. मी दर वेळी चुकतो, ह्या वेळीबी चुकलो आणि एका अनोळखी माणसाच्या अंगणात गाडी घातली. त्यानंच पुढं चालत येऊन मामाचं घर दाखवलं.

मामा दारात उभा. आधी गाडीकडं बघितलं, मग आईकडं.

"या आक्का, या दाजी. सच्या, नाक कवा फुटलं रं हिला?"

"मामा, ते हवेसाठी हाय."

"असू दे, असू दे. ऱ्हायलं तरी चालंल मला," असं म्हणून त्यानं नाकावर हात फिरवला. गाडी त्याचीच झाल्यासारखा.

मामीनं जेवायला भाकरी, भरलं वांगं, ठेचा आणि घट्ट दही केलतं. चढाची परीक्षा म्हणून मी दोनच भाकऱ्या खाल्ल्या, वजन कमी राहावं म्हणून. मामा चार भाकऱ्या खाऊन म्हणला, "मीबी येतो घाटात. साक्षीदार पायजे न्हवं? पास झाली तर मला संकेश्वरात सोडा, यष्टीनं येतो परत. नापास झाली तर तुम्ही माझ्यासंगं."

चार वाजता निघालो. निपाणी संपली, चढ लागला. एसी चालू, तिसरा गिअर, मोबाइल म्होरं. पहिलं वळण, बासष्ट. दुसरं वळण, एकाहत्तर. म्होरं एक ट्रक, त्याला काढायला दाबलं तर गाडी नुसती ओरडते, हलत न्हाय. अठ्ठ्याहत्तर. मागनं शेरडं भरलेला एक टेंपो आला आणि आम्हाला काढून गेला. टेंपोतली सगळी शेरडं आमच्याकडं बघत होती. त्यातलं एक चघळायचं थांबलं.

"एसी बंद करू का?" मी विचारलं.

"अट काय होती?" आप्पा म्हणले.

चौऱ्याऐंशी. गाडी थरथरायला लागली. मागनं आईनं टॉवेल काढला हे मला आरशात दिसलं. मी दुसरा टाकला.

मागच्या शिटवरनं मामाचा आवाज आला, "सच्या, ह्या शिटा मागं किती सरकतात रं?"

वर जाऊन गाडी फिरवली. उतरताना ती परत लोण्यासारखी.

रविवार, निपाणी

रात्री मामाकडंच राहिलो. मामानं गाडी घ्यायच्या आधी त्याचा मिस्त्री सकाळी बघून जाणार होता, आणि मग आम्ही यष्टी धरणार होतो. मी गाडीतली माझी पिशवी आधीच काढून ठेवलती.

दस्तगीर मिस्त्री सायकलवरनं आले. साठीचे, पांढरी टोपी, खिशात एक मोडका कंगवा. आल्या आल्या त्यांनी बॉनेटवरच्या नाकावर बोटानं टिचकी मारली.

"ह्याच्याखाली भोक कुठाय?"

मी म्हणलं, "भोक न्हाय. वरनं चिकटवलंय."

"मग वारं कुठनं जातंय?"

आप्पा माझ्याकडं बघत होते आणि मी निळ्या पांढऱ्या वखारीकडं. मिस्त्रींनी विचारलं, "आणि समजा भोक पाडलं, तर खाली काय हाय?"

"इंजिन."

"इंटरकूलर?"

"तो म्होरं. बंपरच्या मागं."

"म्हंजे नाक कपाळावर आणि फुफ्फुस पोटात," मिस्त्री म्हणले. कुणीच हसलं न्हाय, त्यामुळं जास्त लागलं. मामा तेवढा म्हणला, "दिसायला बरं हाय तसं."

मग मिस्त्री म्होरं उकिडवे बसले आणि बराच वेळ पाट्या वाचत राहिले. दोन्ही पाट्या, सावकाश. त्यांना दोन्ही लिप्या येतात, निपाणीतल्या माणसाला यायलाच लागतात. मग मामाकडं वळले.

"शेठ, तुमच्या वखारीत थप्पी लावताना पोत्यांच्या मधी वाट का सोडता?"

"न सोडून कसं चालंल? वारं न्हाय लागलं तर माल आतनं तापतोय. काळा पडतोय."

"हितं कोण सोडली न्हाय वाट. दोन पाट्या, त्यांच्या मागं डासांची जाळी, तिच्या मागं चिखल. गाडीला काय झालेलं न्हाय. तिच्या तोंडावर घरच्यांनीच हात ठेवलाय."

मामाचं तोंड बघण्यासारखं झालतं. "मिस्त्री, तुम्हाला गाडी बघायला बोलावलंय. दुरुस्त करायला न्हाय."

"बघितल्यावर हात राहत न्हाय ओ," असं म्हणून त्यांनी बंपर सोडवायला घेतला.

डासांची जाळी मीच फाडून काढली, कुणी सांगायच्या आधी. राहिल्या पाट्या.

"काढा ह्या," मिस्त्री म्हणले.

"कुठली?" आप्पांनी विचारलं.

"दोन्ही."

आप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं चिडले, पण चिडले नव्हते, घाबरले होते. ते म्हणले, "एक काढली तर एकीकडचे इचारणार, आमची का काढली. दोन्ही काढल्या तर दोन्हीकडचे इचारणार, तुम्ही कोण."

"मागच्या काचंवर लावा की," मिस्त्री म्हणले.

"मागं कोण बघतंय?"

"दगड मारणारा मागनंच मारतोय आप्पा. म्होरनं मारायला छाती लागती."

हे आप्पांना पटलं. ते गाडीच्या मागं गेले, दोन्ही पाट्या काचंवर धरून बघितल्या आणि थांबले. वर कुठली? आई म्हणली, शेजारी शेजारी लावा. आप्पा म्हणले, मग उजवीकडं कुठली? मामा म्हणला, मराठी डावीकडनं वाचतात, म्हणून डावीकडं मराठी. मिस्त्री म्हणले, कन्नडबी डावीकडनंच वाचतात. ज्या प्रश्नावर एवढी वर्षं मोठमोठी माणसं बसलीत त्याच्यावर आम्हीबी बसलो, मामाच्या अंगणात, चहा गार करत.

शेवटी आई उठली. तिनं दोन्ही पाट्या आप्पांच्या हातातनं घेतल्या, दोन पेपरांत गुंडाळल्या आणि डिकीत टाकल्या.

"लक्ष्मी आत बसली तरी प्रसन्नच असती," ती म्हणली. "मला घाटात एसी पायजे. एवढी वर्षं टॉवेल धरून बसलेय मी, तुम्हा दोघांचं हे तोंडावरचं बघत."

तिला घाटात त्रास होतो हे आम्हा दोघांना माहीत होतं, आणि दोघांनीबी टॉवेल ओला करून देण्याच्या पलीकडं काय केलं नव्हतं.

मग खरं काम. मिस्त्रींनी पाणी बारीक धरून इंटरकूलर मागनं म्होरं धुतला. कैक पावसाळ्यांचा चिखल आणि काही माशा निघाल्या. जोरात धरलं तर जाळीच्या पातळ पात्या मुडपतात म्हणले. आधीच मुडपलेल्या होत्या त्या खिशातल्या मोडक्या कंगव्यानं एक एक सरळ केल्या. मग बंपर आणि इंटरकूलरच्या मधल्या फटी दाखवल्या. वारं लई आळशी असतंय, सोपी वाट दिसली की बगलेतनं पळतंय, पेटीतनं जात न्हाय म्हणले. त्या फटी त्यांनी जुन्या शिटातल्या फोमनं बुजवल्या, आणि खालनं पन्हळीसारखा वाकवलेला पत्रा लावला, म्हणजे आत आलेलं वारं इंटरकूलरमधनंच जाईल. तीन आठवड्यांच्या व्हिडिओत हे सगळं होतं. मीच पळवून पळवून नाकाच्या भागावर गेलतो.

"आता एकदा चढवून बघा," मिस्त्री म्हणले.

मामा म्हणला, "परीक्षा काल झाली. निकाल लागला."

आप्पांनी चष्मा पुसला. चौतीस वर्षांचा अनुभव कामाला आला. "फेरतपासणीची तरतूद असते," ते म्हणले.

रविवार दुपार, तवंदी घाट

परत तेच. मी चालवायला, आप्पा म्होरं, मागं आई आणि मामा. मामा साक्षीदार म्हणून आला, पण खिशात नारळ घेऊन. नापास झाली तर घाटावरच फोडून गाडी घेऊन जायची तयारी.

एसी चालू, तिसरा. पहिलं वळण, त्रेचाळीस. दुसरं, सत्तेचाळीस. मी दाबलं. गाडी म्होरं गेली. साधी गोष्ट हाय, दाबलं की गाडीनं म्होरं जायचं, पण मला अंगावर काटा आला. एक ट्रक काढला, दुसरा काढला. पन्नास. आप्पांनी मोबाइल माझ्यासमोरनं काढून हातात घेतला आणि आकडे मोठ्यानं वाचायला लागले. "एक्कावन. एक्कावन. बावन. एक्कावन. सच्या, कमी झालं बघ." मामा मागनं विचारत होता, एसी खरंच चालू हाय का. आप्पांनी पंखा आणखी एक घर वाढवला आणि वाऱ्याचं तोंड मामाकडं केलं.

वर पोचलो. तिसऱ्यावर. मी गाडी कडेला घेतली आणि मागं बघितलं. आई झोपली होती. टॉवेल कोरडाच, मांडीवर घडी करून. घाट कधी लागला आणि कधी संपला, तिला पत्ता न्हाय.

मामानं खिडकीतनं बाहेर बघितलं. "चढली म्हणायची," एवढंच बोलला.

"एकदा चढली," आप्पा म्हणले. "एकदा नशिबानंबी चढते. उतर खाली."

"का?"

"मी चालवून बघतो."

आप्पांनी ती गाडी तोपर्यंत कधी हातात घेतली नव्हती. मी मागं गेलो, मामा म्होरं आला. आप्पांनी गाडी फिरवली, घाट उतरले, पायथ्याला परत फिरवली आणि चढायला लागले. तिसरा, एसी चालू. मधीच एका ट्रकला काढलं तवा त्यांनी खिडकीतनं ट्रकच्या ड्रायव्हरकडं बघितलं. असं बघायला मी एवढी वर्षं शिकतोय, मला अजून जमलं न्हाय. वर आले आणि थांबलेच न्हाईत. "परत एकदा बघू का?" म्हणले. आई जागी झाली आणि म्हणली, "घर बघा आता."

संकेश्वरला मामाला सोडलं. स्टँडवर निपाणीची यष्टी लागलेली होती. मामानं खिशातला नारळ काढून आप्पांच्या हातात दिला. "तुम्हीच फोडा दाजी. मी घाटानं काय रोज जातोय." मग खिडकीत वाकून मला म्हणला, "सच्या, ते नाक तरी दे रं मला. माझ्या जीपला शोभंल." मी ओढून काढून दिलं. डबल टेप होता, सहज निघालं. यष्टीच्या खिडकीतनं ते काळं नाक हलवत मामा निपाणीला गेला.

मी पुढं जाऊन ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आप्पा हलले न्हाईत. बेल्ट लावूनच बसले होते.

"तू मागं बस," ते म्हणले. "मोबाइल घे. आकडा वाच, जरा मोठ्यानं. वंटमुरीचा चढ यायचाय अजून."

गाडी घरात राहिली. बेळगावच्या वेशीवरच्या काकतीपर्यंत मी आईशेजारी बसून आकडे वाचत आलो. आज सोमवार. मी ऑफिसला सिटी बसनं आलोय, आणि मगाशी आईचा फोन आलता की आप्पा कुणाला न सांगता सकाळीच कुठंतरी गेलेत, किल्ली जागेवर न्हाय.